सातपर्यंत मोजायचं

"एवढा चांगला कॉम्प्युटर घेतलात आणि त्यावर हा जुना गेम?" ऑफिसात कुणी विचारतं, भाचा घरी आला की तो विचारतो. परवा तुम्हीही विचारलंत. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट बसून सांगते.

गेमचं नाव 'कमांडोज: बिहाइंड एनिमी लाइन्स'. माद्रिदच्या पायरो स्टुडिओजने तो १९९८ साली काढला. दुसरं महायुद्ध, वीस मोहिमा आणि सगळी मिळून सहा माणसं. प्रत्येक मोहिमेत सहाही नसतात. नॉर्वेतल्या पहिल्या मोहिमेला तर तिघंच आहेत. हिरव्या टोपीचा ग्रीन बेरे, त्याला आम्ही टोपीवालाच म्हणायचो, तो सुरा चालवतो, भिंत चढतो, प्रेत खांद्यावर टाकून आडोशाला नेतो आणि वेळ पडली तर बर्फात स्वतःला पुरून घेतो. रबरी होडी फक्त पाणबुड्याला वल्हवता येते. नेमबाजाकडे मोजक्याच गोळ्या. सुरुंगवाल्याकडे बॉम्ब आणि सापळा. ड्रायव्हर शत्रूच्याच गाड्या पळवतो. हेर जर्मन गणवेश चढवून शत्रूच्या शिपायाला बोलण्यात गुंतवतो. एकाचं काम दुसऱ्याला येत नाही, आणि सहातला एक जरी मेला तरी मोहीम तिथेच संपली.

हा नियम मला त्या वयातही फार मोठा वाटला होता. युद्धाच्या बाकीच्या गेममध्ये शिपाई दहा-दहाने बनवायचे, मेले की आणखी बनवायचे. इथे नदीपलीकडे ड्रायव्हर एकटा उभा असेल, तर होडी घेऊन परत जायचं आणि त्याला आणायचं. दुसरा उपायच नाही.

आणि मग ती नजर. पहारेकऱ्याला काय दिसतंय ते जमिनीवर हिरव्या पंख्यासारखं उमटतं. जवळचा भाग फिका, लांबचा गडद. गडद भागातून सरपटत गेलात तर त्याला दिसत नाही, उभे राहिलात की दिसता. फिक्या भागात सरपटूनही सुटका नाही. पण एका वेळी एकाच पहारेकऱ्याची नजर बघता येते. बाकीचे कधी वळतात, कुठपर्यंत चालत जातात, ते आपण डोक्यात ठेवायचं.

म्हणून हा गेम आम्ही दोघं मिळून खेळायचो, दादा आणि मी. १९९९ साल, गिरगावातली आमची चाळीतली खोली. कॉम्प्युटर लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला, ३२ एमबी रॅम, चौदा इंची मॉनिटर. सीडी फोर्टच्या फुटपाथवरची. मी नववीत, दादा कॉलेजात, त्यामुळे माउस त्याच्या हातात. माझं काम मोजायचं. पहारेकरी पाठ फिरवतो तिथपासून तो परत वळेपर्यंत मी हळू आवाजात मोजायची, आणि जमलं की तो आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहायची. 'पुलाजवळचा: सात.' 'कुंपणाचा: अकरा, मध्ये थांबतो.' त्याच पानांवर दादाच्या अक्षरात कोड आहेत. एक मोहीम पार पडली की गेम पुढच्या मोहिमेचा पाच अक्षरांचा कोड दाखवायचा. तो टाकला की कुठल्याही मशीनवर थेट तिथून सुरुवात करता यायची. दादा तो मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारायचा.

मधेच आजीबद्दल सांगायला हवं. एकदा आमचं चुकलं आणि गेममध्ये भोंगा वाजायला लागला. बराकीतून शिपाई धावत बाहेर आले. आजी आतून आली आणि म्हणाली, "तो आवाज बंद करा आधी." लहानपणी ती मशीद बंदरला राहायची. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. जहाजावर कापसाच्या गाठी होत्या, सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती आणि सोन्याच्या विटाही होत्या. कापसाला आग लागली आणि ती दारूगोळ्यापर्यंत पोचली. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, आजही १४ एप्रिलला त्यांची आठवण म्हणून अग्निशमन सेवा दिन पाळतात. आजीने त्या रात्री पहिल्यांदाच आम्हाला सगळं सांगितलं: फुटलेल्या काचा, लाल झालेलं आभाळ, घरी न आलेले शेजारी. तेव्हापासून आम्ही स्पीकर बंद ठेवून खेळलो. गेममधले स्फोट मी अजून बिनआवाजाचेच बघते.

मग २००० च्या पावसाळ्यात हार्ड डिस्क गेली, दादाला नाशिकला नोकरी लागली आणि गेम राहिला तो राहिलाच.

मागच्या वर्षी चाळ पुनर्विकासात गेली. खोली रिकामी करताना ट्रंकेत ती वही सापडली. शेवटचा कोड चौदाव्या मोहिमेचा, 'डी-डे किक ऑफ'. त्याच्यापुढे काही नाही. सीडी होती, पण तिच्यावर डाग पडले होते आणि नव्या मशीनला सीडी घालायला जागाच नाही. गेम मी जीओजी या जुने गेम विकणाऱ्या वेबसाइटवरून विकत घेतला. इन्स्टॉल झाला, सुरूही झाला, पण माझ्या मशीनवर तो धावत सुटला. माउस कडेला नेला की नकाशा सर्रकन दुसऱ्या टोकाला. चालणारा पहारेकरी जणू लोकल पकडायला निघालेला. पहिल्या मोहिमेत पुलाजवळचा सातचा पहारेकरी मी चार म्हणेपर्यंत वळला. रंगही मधेच विस्कटत होते.

हे असं का, ते समजून घेण्यात दोन रविवार गेले आणि ते मला आवडले. त्या काळचे गेम पडद्यावर चित्र काढायला विंडोजच्या 'डायरेक्टड्रॉ' या भागावर अवलंबून असत. आजच्या विंडोजमध्ये तो भाग नावापुरता उरलाय, जुन्या मागण्या आडवळणाने पूर्ण होतात. शिवाय माझ्या मशीनवर गेमचा वेग सेकंदाला किती चित्रं निघतात त्याला बांधलेला दिसला, आणि नवं मशीन ती भराभर काढतं. उपाय 'सीएनसी-डीड्रॉ' या फुकट फाइलचा. ती मुळात दुसऱ्या एका जुन्या युद्धगेमसाठी लिहिली गेली होती. गेमच्या फोल्डरमध्ये ठेवली की गेम विंडोजच्या फाइलऐवजी हिलाच हाक मारतो. रंग लगेच सरळ झाले. मग सेटिंगच्या फाइलमध्ये चित्रांच्या वेगाला मर्यादा घालायची. किती, ते मी वहीवरून ठरवलं. आकडा थोडा कमी करायचा, पहिली मोहीम उघडायची, पुलाजवळच्या पहारेकऱ्यापाशी मोजायचं. पाच. पुन्हा कमी करायचा. सहा. तिसऱ्या रात्री तो बरोबर सातला वळला. मग कुंपणाचा बघितला: अकरा, मध्ये थांबला. नववीतल्या मुलीने पेन्सिलीने लिहिलेले आकडे तंतोतंत जुळत होते. मी उठून पाणी प्यायले आणि परत येऊन ते पुन्हा मोजलं.

भाचा म्हणाला, आता पडदा मोठा आहे तर पूर्ण नकाशा एकदम दिसेल असं कर. तशा युक्त्या आहेत. मी केल्या नाहीत. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं. या गेमचे नकाशे एकाच कोनातून रंगवलेले आहेत आणि ते फिरवता येत नाहीत. काढणाऱ्याने प्रत्येक भिंत, प्रत्येक लाकडाचा ढीग ठरवून ठेवलाय, आणि पडद्याच्या कडेबाहेर काय आहे हे माहीत नसणं हा त्या आखणीचाच भाग आहे. म्हणून मी ६४० बाय ४८० वरच ठेवते आणि बरोबर दुप्पट करते. १२८० बाय ९६० चं चित्र पडद्यात बसतं, एकेका ठिपक्याचे चार होतात, कडा धारदार राहतात. बाजूला काळे पट्टे उरतात, ते उरू देत. आमच्या चौदा इंची मॉनिटरवर सगळं जरा पुसटच असायचं. इतक्या वर्षांनी मला छतावरचं एकेक कौल दिसतंय.

याच धर्तीचे नवे गेमही मी खेळलेत. 'डेस्पेराडोज ३' मध्ये वेळ थांबवून प्रत्येकाला काम नेमून द्यायचं आणि मग सगळ्यांनी एकदम हलायचं, ही सोय सुंदर आहे. पण वेळ थांबवता आला की मोजायला कुणी लागत नाही.

सगळं जुळल्यावर वही उघडून चौदाव्या मोहिमेचा कोड टाकला. हार्ड डिस्क गेली, सीडी गेली, खोली गेली. कागदावरची पाच अक्षरं होती तशी होती. नकाशा उघडला आणि मी काहीही न करता दादाला व्हिडिओ कॉल लावला, फोन पडद्यासमोर उभा केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तो डावीकडचा बघ, आधी त्याची नजर लाव."

आता माउस माझ्याकडे आणि मोजणं त्याच्याकडे आहे. नाशिकहून आवाज अर्धा सेकंद उशिरा येतो, म्हणून तो 'जा' एक आकडा आधीच म्हणतो. चौदावीत आम्ही तीन आठवडे आहोत. दोनदा भोंगा वाजवला, एकदा सुरुंगवाला गेला. तेव्हा रविवारी रात्री साडेनऊनंतर फोन केलात तर मी उचलणार नाही, सोमवारी सकाळी करा.