घरचं नाव, शाळेचं नाव

परभणी जिल्ह्यात गंगेकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, एका पोलीस ठाण्यात गोपनीयचं टेबल माझ्याकडं आहे. पासपोर्ट, नोकरीची चारित्र्य पडताळणी, सगळं इथंच येतं. २०२३ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयानं जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ जागा काढल्या होत्या. निवड झालेल्यांचे साक्षांकन नमुने, म्हणजे उमेदवारानं स्वतःची माहिती भरून द्यायचे फॉर्म, नंतर आमच्याकडं येऊ लागले.

त्यातला एक शिपायाचा. कधी अटक? खटला? शिक्षा? सगळीकडं ‘नाही’. सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे नोंदीच्या कॉम्प्युटरवर, नाव टाकलं, निरंक. सही ठोकायचीच बाकी होती. पण गावात चक्कर मारल्याशिवाय माझा हात चालत नाही, जुनी खोड. पोलीस पाटील म्हणाले, “पोरगं गुणाचं हाय, जमादार. ते बांधाचं सोडलं तर काहीच नाही.”

बांधाचं?

ठाण्यात येऊन जुनं रजिस्टर काढलं. भादंविची कलमं ३२४, ३४: घातक हत्यारानं दुखापत, सगळ्यांनी मिळून. आरोपी: पहिला बाप, दुसरा चुलता, तिसरा हा, वय १९. फिर्याद भावकीची, त्यामुळं नाव घरचं, हाक मारायचं. अर्जात शाळेच्या दाखल्यावरचं. कॉम्प्युटरला काय कळणार!

पोराला बोलावलं. कॅरीबॅगमध्ये निकालाची नक्कल घेऊनच आला. साक्षीदार फिरले, तिघंही निर्दोष.

“साहेब, सुटलो म्हणल्यावर खटला झालाच नाही ना?”

नमुन्याच्या वरच्याच ओळींवर बोट ठेवलं: खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर अपात्र. त्यानं सावकाश वाचलं. “म्या वाचलंच नव्हतं. नेटकॅफेवाल्यानं भरलं.”

मला त्या नेटकॅफेवाल्याचा जास्त राग आला. मारामारी एक वेळ चालून गेली असती, ‘नाही’ चालणं अवघड. अवतार सिंगच्या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, प्रकरण किरकोळ असेल तर लपवल्याची चूक पोटात घालायची का, हे नेमणाऱ्यानं ठरवावं. आणि खरं सांगितलं तरी नेमणूक मिळेलच असं नाही. त्यात हे कोर्टातलं काम, फायलींच्या गठ्ठ्यातलं.

अहवालात मी होतं तेवढंच लिहिलं: गुन्हा दाखल, निर्दोष मुक्त, नमुन्यात उल्लेख नाही. त्याला म्हटलं, माझा कागद पोचायच्या आत तू स्वतः जिल्हा न्यायालयात अर्ज दे, नक्कल जोड.

माझ्याच टेबलावर त्यानं अर्ज लिहिला. खाली येऊन पेन थांबला.

“नाव कोणतं टाकू, साहेब?”

“दोन्ही टाक. मधी ‘उर्फ’ लिही.”