तुम्ही विचारलंत म्हणून: साक्ष पूर्ण व्हायच्या आधी

"ताई, तुम्ही घरसभेत स्वतःच्या अडचणी इतक्या उघड सांगता, त्यानं नव्या विश्वासणाऱ्यांचा विश्वास डळमळत नाही का?" नगरला आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी काही जण प्रार्थनेला जमतात. एकदा येऊन गेलेलं कुणी ना कुणी मला हे विचारतंच, काही काळजीनं, काही जरा नाराजीनं. माझं उत्तर असं, की विश्वास डळमळतो तो माणूस एकटं पडल्यावर. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, सगळ्यांचं छान चाललंय, प्रभू फक्त माझंच ऐकत नाही, असं ज्याला वाटायला लागतं तो हळूहळू यायचा थांबतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

आपल्याकडे साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची, एक रीत पडून गेली आहे. आजार होता, उपास-प्रार्थना केली, बरं वाटलं. नोकरी गेली होती, दुसरी लागली, प्रभूची स्तुती असो. या साक्षी खऱ्या असतात आणि मला त्या ऐकायला मनापासून आवडतात. पण त्या सगळ्या संकट टळल्यावर दिलेल्या असतात. ज्याचं संकट अजून चालूच आहे त्यानं काय बोलायचं? जिचा मुलगा काल रात्रीही पिऊन आला, ती बाई उपासना सुटल्यावर "कशा आहात?" या प्रश्नाला "प्रभूची कृपा" म्हणते आणि रिक्षा पकडते.

अशाच एक मावशी आमच्याकडे बरेच महिने येत होत्या. प्रार्थनेचे विषय विचारले की देशासाठी, मंडळीचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांसाठी, दहावीच्या मुलांसाठी सांगायच्या. घरचं अवाक्षर नाही. एका गुरुवारी एका भावांनी सांगितलं, की कामावरून कमी केल्यापासून त्यांना प्रार्थनाच करता येत नाही. गुडघे टेकतात, शब्द फुटत नाही, उठतात. कुणीच काही बोललं नाही. मग मावशींनी हातातला कप खाली ठेवला. म्हणाल्या, "माझंही तसंच झालंय. पोरासाठी मागून मागून दमले मी." पुढे त्या जे बोलल्या ते इथे लिहिणार नाही. एवढं सांगते, की त्या संध्याकाळी मावशींसाठी प्रार्थना केली ती त्याच भावांनी. स्वतःसाठी ज्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता त्यांना मावशींसाठी शब्द सापडले. मुलाची दारू अजून सुटलेली नाही. मावशी मात्र आता "प्रभूची कृपा" म्हणून निघून जात नाहीत, बसतात.

असं बोलण्यात विश्वासाची कमतरता दिसते, असं ज्यांना वाटतं त्यांनी गेथशेमाने, प्रभू येशूनं अटकेआधी प्रार्थना केली ती बाग, आठवून बघावी. वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभूनं पेत्र, याकोब आणि योहान यांना जवळ घेऊन आपला जीव मरणाइतका खिन्न झाल्याचं सांगितलं आणि सोबत जागं राहायला विनवलं. ते झोपले. तरी प्रभू पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे आला. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच म्हटलंय, की आशियात आमच्यावर इतका भार पडला की जगण्याचीही आशा उरली नव्हती. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत "कुठवर" हा सवाल चार वेळा येतो, आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. ज्यांनी ते पवित्र शास्त्रात ठेवलं त्यांना त्याचा शेवट गोड करून घ्यावासा वाटला नाही. आपण गुरुवारच्या बैठकीत तरी का करावा?

मला यातली सर्वांत आवडती गोष्ट इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची आहे. १७४२ साली मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या तिथल्या अनुयायांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी असं ठरत होतं, पण कितीतरी जणांना तीही परवडणारी नव्हती. तेव्हा फॉय नावाचे एक कॅप्टन म्हणाले, अकरा गरीब माणसं माझ्याकडे सोपवा, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. मग असे वाटे पाडले गेले. पैसे गोळा करायला घरात पाऊल टाकल्यावर लोकांची खरी अवस्था दिसू लागली: कुठे भांडण, कुठे दारू. वेस्लींना कळलं, की आपल्याला जे हवं होतं ते हेच. पुढे घरोघर फिरण्याऐवजी ती बारा-बारा माणसं आठवड्याला एकत्र बसू लागली. मेथडिस्ट मंडळ्यांची क्लास मीटिंग ती ही. म्हणजे एकमेकांचं खरं कळायला आधी एकमेकांच्या उंबऱ्याच्या आत जावं लागलं. आपल्या भागात याला वेगळी योजना लागत नाही, आपण तसेही एकमेकांकडे चहाला जातोच.

आणि आपल्याच मराठी ख्रिस्ती घरातलं उदाहरण हवं असेल तर लक्ष्मीबाई टिळक आहेत. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधल्या ताटातुटीचं दुःख, टिळकांचा रागीट स्वभाव, स्वतःच्या मनातलं सोवळं-ओवळं, काहीही त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आपल्या आठवणींत झाकलं नाही. त्या वाचून कुणाचा विश्वास उडाल्याचं मी ऐकलेलं नाही. धीर आल्याचं सांगणाऱ्या बायका मला खूप भेटल्या आहेत.

आता तुमच्या प्रश्नामागची खरी भीती. लोक बोलत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: गोष्ट बाहेर जाते. आणि ती चुगली म्हणून जात नाही, "प्रार्थनेसाठी सांगते हं" म्हणत जाते. रविवारपर्यंत निम्म्या मंडळीला ठाऊक. याला मी पाप म्हणते, सौम्य शब्द वापरायची माझी तयारी नाही. आमच्याकडे ज्याची गोष्ट आहे त्याच्या परवानगीशिवाय ती प्रार्थनेतसुद्धा दुसरीकडे उच्चारायची नाही, असं पहिल्याच दिवशी सांगतो. मात्र घरात मारहाण होत असेल, लेकराला धोका असेल, किंवा कुणी जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल, तर ते गटात दाबून ठेवायचं नाही. तिथे डॉक्टर लागतो, वेळ पडली तर पोलीस लागतात, आणि सोबत जायला आपण लागतो.

दुसरं, उपदेशाची घाई. समोरचा रडत असताना "सर्व गोष्टी मिळून कल्याणाकारणे" हे वचन फेकू नका. वचन खरंच आहे, पण रडणाऱ्याचं सांगून तर होऊ द्या. पवित्र शास्त्रातल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं.

पाळकांबद्दलही सांगायला हवं. सगळ्यांचं ऐकणाऱ्या या माणसानं स्वतःचं कुणाला सांगायचं? मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीला सांगावं तर पुढच्या बैठकीत त्याचीच चर्चा होईल, ही धास्ती. पाळकीणबाईंची अवस्था त्याहून अवघड. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या मंडळीच्या एखाद्या पाळकाशी त्यांची नियमित बैठक व्हावी, आणि कमिटीनं त्यासाठी महिन्यातला एक दिवस आणि येण्याजाण्याचा खर्च आनंदानं द्यावा, असं मी जिथे संधी मिळेल तिथे मागत असते.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर पंचवीस जणांचा गट नको. प्रभूनंही त्या रात्री बारातल्या तिघांनाच जवळ घेतलं होतं. पोटात गोष्ट राहील अशी मंडळीतली दोन माणसं निवडा, बाईनं बाया, पुरुषानं पुरुष. आठवड्याचा वार ठरवा. पहिल्या दिवशी त्यांना काही विचारू नका. तुमचं जे अजून सुटलेलं नाही ते सांगा आणि त्यांनाच तुमच्यासाठी प्रार्थना करायला लावा.