बोट कसं गेलं

"काका, बोटीवर बोट कसं गेलं?" पंगतीत शेजारी बसलेला विचारतो, एस.टी.त समोरचा विचारतो, परवा रक्त तपासायला आलेल्या पोरीनेही विचारलं. विचारून झालं की सगळे आपल्याच विनोदावर हसतात. एक नाही, दोन गेली. उजवी करंगळी पुरती आणि अनामिका अर्धी. आणि "गाळ काढायच्या बोटीवर कसला आलाय धोका" हे पुढचं वाक्य मला आता ऐकायचं नाही.

गाळ नव्हे, वाळू. डच ड्रेजरवर, म्हणजे तळ उपसणाऱ्या बोटीवर, मी अकरा वर्षं काढली, शेवटची सहा बोसन म्हणून, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. रॉटरडॅम बंदराच्या मासव्लाक्टे 2 ह्या विस्तारासाठी समुद्रात जमीन उभी केली, तिला सुमारे 24 कोटी घनमीटर वाळू लागली. ती उत्तर समुद्राच्या तळातून आली. बोट हळू चालत राहते, पाइप खाली सोडलेला, टोकाला ड्रॅगहेडचं लोखंडी तोंड तळ खरवडत जातं, पंप वाळू-पाणी वर ओढतो. हॉपर, म्हणजे बोटीच्या पोटातला वाळूचा हौद, भरला की जा, ओता, परत या. सहा तास वॉच, सहा तास झोप. रविवार नाही, गणपती नाही.

पाइप खाली असला की बोट पटकन वळत नाही, म्हणून रात्री त्या बाजूला दोन लाल दिवे लावतात: इकडून येऊ नका. तरी येतात. 2007 साली चीनमध्ये त्येनजिनजवळ 'डब्ल्यू. डी. फेअरवे' ह्या अवाढव्य डच ड्रेजरची कंटेनर जहाजाशी टक्कर झाली आणि ती बोट कामातून गेली. आणि पाइपातून काय वर येईल ते सांगता येत नाही. 'क्वीन ऑफ द नेदरलँड्स'ने 1999 मध्ये कॅनडाच्या किनाऱ्याजवळ पडलेल्या स्विसएअरच्या विमानाचे तुकडे तळातून उपसले. 229 माणसं गेली होती त्यात. आमच्याकडे भीती महायुद्धातल्या बॉम्बची. ते आत येऊ नयेत म्हणून ड्रॅगहेडला जाळी, आणि त्या जाळीत तारा, दोर, दगड अडकतात. मग पाइप वर घ्यायचा आणि आम्ही हातात पहारी घेऊन उभे.

त्या रात्री तसंच झालं. वारा होता, फेरी उशिरा चालली होती. तार कापून काढली, होजने जाळी धुतली, मी वॉकीटॉकीवर म्हटलं, "क्लिअर." ब्रिजवर पाइप सांभाळणारा फिलिपिनो पोरगा म्हणाला, "ओके बोसन." आणि मला व्हायझरच्या, म्हणजे ड्रॅगहेडच्या हलत्या झडपेच्या, कोपऱ्यात ती दाढ दिसली.

मॅमथची. हिमयुगात उत्तर समुद्राची जमीन होती, तिथे हे हत्ती चरायचे, त्यांची हाडं आजही वाळूबरोबर येतात. दाढ चांगली वीतभर, वर टाकी लावलेल्या पाट्यासारख्या रेघा. आमच्या चीफ इंजिनिअरच्या घरी एक होती, फोटो दाखवायचा. मला ती बाबांना दाखवायची होती. बाबा गावात सांगत, "आमचा मोठा गाळ उपसतो." मी हात घातला. पोराने ऑइल प्रेशर देऊन व्हायझर हलवून बघितला, जसा नेहमी बघतात.

दुखलं नाही आधी. ग्लोव्ह जड झाला एवढंच.

हेलिकॉप्टर येईपर्यंत मी शुद्धीवर होतो. चीफ मेटला विचारलं, दात कुठाय? तो म्हणाला, "कुठला दात?" दाढ कुणी पाहिलीच नव्हती. चौकशीला आले तेव्हा मी सांगितलं, तारेचा तुकडा राहिला होता, तो काढत होतो. आणि "क्लिअर" म्हणालो ते जाळी साफ झाली ह्या अर्थाने, माणसं बाजूला झाली ह्या अर्थाने नव्हे. ऑपरेटरने परत विचारायला हवं होतं. हे खोटं नाही. नियमात तसंच आहे, आणि त्याने खरंच विचारलं नाही. पण नियमात असंही आहे की हात घालण्याआधी व्हायझर हलू नये म्हणून त्याला पिन लावायची, आणि ती लावायचं काम बोसनचं. लावली होती, "क्लिअर" म्हणण्याआधी मीच काढली. रिपोर्टमध्ये आलं: संवादातली चूक. पोराचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. मला नुकसानभरपाई मिळाली. घराचा वरचा मजला त्यातलाच.

तेव्हाचा मी म्हणतो, पिन काढून लगेच खाली सोडायची घाई सगळेच करायचे, तू एकटा नव्हतास. आणि त्या पोराला एकदा विचारायला काय झालं होतं? आजचा मी त्याला म्हणतो, दाढेचं तरी सांगायचं होतंस. तो म्हणतो, सांगून बोटं परत आली असती? भरपाई मात्र गेली असती. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो खोटं बोलतोय असंही मला म्हणता येत नाही.

बाबांनाही तारेचंच सांगितलं. ते गेले तोवर गावात सांगत होते, "गाळात तार होती."

त्या रात्री मला उतरवल्यावर बोट पुन्हा कामाला लागली. पाइप खाली गेला, आणि दाढ तिथेच अडकलेली असेल तर तीही गेली.