एसीचा आगाऊपणा

पंगतीत ताटावर हात आडवा धरून "नको, नको" म्हणणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारा एक वाढपी असतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या एसीला त्याचीच दीक्षा मिळालेली आहे. एसी बंद, बाहेर श्रावणातली गार हवा, खिडकी बोटभर खाली. काचेवर थोडी वाफ धरते म्हणून हवेचा झोत समोरच्या काचेवर वळवायला डिफ्रॉस्टचं बटण दाबावं, तर एसीचा दिवा न विचारता लागतो आणि बाहेरची हवा घेणारी झडपही आपली आपण उघडते. दिवा बंद करायला जावं तर काही गाड्या ऐकतात, पण पुढच्या वेळी पुन्हा तेच करतात. काही ऐकतच नाहीत. आणि काही जुन्या गाड्या इतक्या लबाड की दिवाही लावत नाहीत, कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, मात्र चालू असतो. हा आगाऊपणा थांबवता येतो का, तर बऱ्याच गाड्यांत येतो; पण तो का आहे ते आधी बघू.

हा आग्रह उगाच आलेला नाही. डॅशबोर्डच्या पोटातल्या डब्यात हवा एका ठरलेल्या वाटेने जाते: आधी ब्लोअर, मग कूलिंग कॉईल, आणि तिच्यापुढे इंजिनाच्या गरम कूलंटवर तापणारा हीटर. २५ अंशांची पूर्ण ओलसर हवा दर घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम पाणी बाळगते. कॉईलवर तीच हवा ५ अंशांपर्यंत उतरली तर जेमतेम ७ ग्रॅम उरतं, बाकीचं गाडीखालच्या नळीतून रस्त्यावर ठिबकतं. ही कोरडी हवा हीटरवरून पुन्हा २५ अंशांना नेली की तिची आर्द्रता तीसेक टक्क्यांवर येते, आणि अशी हवा काचेवरची वाफ बघता बघता पिऊन टाकते. म्हणजे एसी आणि हीटर एकाच वेळी चालू ठेवणं हा वेडेपणा नाही, काच पुसण्याची ती सर्वांत जलद रीत आहे. अमेरिकेत काचेवरचं बर्फ आणि वाफ हटवणारी यंत्रणा सक्तीची आहे, एफएमव्हीएसएस १०३ हा तो वाहनसुरक्षेचा नियम. एसी लावाच, असं तो सांगत नाही. ती भर कारखान्यांची.

भर घालण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि एसीचं हे आपोआप लागणं तोडायला वायर कापायला निघालेल्याने ते आधी समजून घ्यायलाच हवं. अर्धा तास एसी चालला की कॉईलच्या पत्र्यांवर भरपूर पाणी साचलेलं असतं. त्या क्षणी कॉम्प्रेसर बंद केला आणि ब्लोअर काचेकडे वळलेला असला, तर ते पाणी पुन्हा हवेत चढतं आणि थेट गार काचेवर जाऊन बसतं. दोन-चार सेकंदांत समोरचं सगळं पांढरं. ताशी ऐंशीच्या वेगात हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून डिफ्रॉस्टमध्ये कॉम्प्रेसर बंद होऊच द्यायचा नाही, असं इंजिनियरांनी ठरवून टाकलं. आपल्याला तो बंद करण्याचा हक्क हवा असेल तर शिस्तही आपलीच हवी: एसी आधी बंद करायचा, झोत पायांकडे ठेवून पाच-दहा मिनिटं कॉईल वाळू द्यायची, मग गरज पडल्यास काचेकडे.

तरीही हा आग्रह कोकणात उलटतो, कारण वाफ काचेच्या कुठल्या बाजूला आहे हे बहुतेक गाड्यांना कळत नाही. जुलैत सावंतवाडीला बाहेरचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतलं पाणी दव होऊन बसतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो. थंड हवेचा झोत काचेवर पडला की काच त्याखाली जाते आणि दव बाहेरून धरतं. चालक गडबडून डिफ्रॉस्ट दाबतो, गाडी प्रामाणिकपणे आणखी थंड हवा मारते, दव आणखी दाट होतं. तीसेक किलोमीटर चढून आंबोलीला पोचावं तर हवा पाच-सहा अंशांनी उतरलेली, आत चार भिजलेली माणसं, दोन ओल्या छत्र्या. आता वाफ आतून. एकाच प्रवासात दुखणं बाजू बदलतं आणि औषध मात्र तेच. ओळखायला सोपं आहे: वायपर एकदा फिरवून काच साफ झाली तर वाफ बाहेरची, बोटाने आतून रेघ ओढता आली तर आतली. बाहेरच्या वाफेला झोत काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायांकडे न्यावा आणि तापमानाचा नॉब गरम बाजूला सरकवावा. एवढ्यानेच निम्म्या लोकांची तक्रार मिटेल, कारण गाडी एसी आपोआप लावते, तापमान मात्र बहुधा आपल्याच हातात ठेवते. निळ्या टोकाला अडकलेला नॉब कुणी हलवतच नाही.

ज्यांचं एवढ्याने भागत नाही, त्यांनी पाना-पक्कड काढण्याआधी मालक-पुस्तिका काढावी. ह्युंदाई आणि किया यांच्या अनेक मॉडेलांत हे वागणं बंद करण्याची सोय कंपनीनेच ठेवलेली आहे, पण पुस्तिकेच्या अशा पानावर की तिथपर्यंत कुणी पोचत नाही. साधा नॉबवाला एसी असेल तर इग्निशन चालू करून नॉब डिफ्रॉस्टवर न्यायचा आणि हवा आतली की बाहेरची ते ठरवणारं बटण ३ सेकंदांत किमान ५ वेळा दाबायचं. बटणातला दिवा तीनदा लुकलुकला की काम झालं. ऑटोमॅटिक एसीत डिफ्रॉस्ट निवडून एसीचं बटण दाबून धरायचं आणि तेच हवेचं बटण पाच वेळा दाबायचं. हेच पुन्हा केलं की मूळ वागणं परत येतं. ग्यानबाची मेख अशी की बॅटरी उतरली किंवा कुणी तिची तार काढली की गाडी सगळं विसरते आणि पुन्हा मूळ पदावर येते. नवी बॅटरी बसवल्यावर "एसी परत आपोआप लागतो, गॅरेजवाल्याने काहीतरी बिघडवलं" अशी जी ओरड होते तिचं मूळ बहुधा हेच. महागड्या मॉडेलांत काचेवर आर्द्रतेचा सेन्सरही असतो आणि तो बटण न दाबताच डिफ्रॉस्ट सुरू करतो. ते प्रकरण वेगळं. ते बंद करायला इग्निशन चालू ठेवून डिफ्रॉस्टचं बटण ३ सेकंद दाबून धरतात. दोन्हींत गल्लत झाली की माणूस एक बंद करून दुसऱ्यावर चिडत बसतो.

टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत हेच काम वर्कशॉपच्या टेकस्ट्रीम या निदान-प्रणालीतून होतं. डिफ्रॉस्टशी कॉम्प्रेसर जोडलेला ठेवायचा की सुटा, आणि 'ऑटो' दाबल्यावर कॉम्प्रेसर आपोआप लागू द्यायचा की नाही, या दोन स्वतंत्र नोंदी तिथे असतात. सर्व्हिसिंगला गाडी गेली की सल्लागाराला नेमक्या शब्दांत सांगावं. "एसीचं काहीतरी करा" म्हटलं तर गॅस तपासून बिल येतं.

यापुढचा टप्पा तारांचा. कॉम्प्रेसरला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडतो तो विजेवरचा मॅग्नेटिक क्लच (गिअरच्या क्लचशी याचा संबंध नाही), आणि त्याला वीज देतो तो रिले, म्हणजे थोड्या प्रवाहावर चालणारा विजेचा स्विच. सर्वांत निरुपद्रवी उपाय म्हणजे हा रिले काढणे. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो, त्यात एसी किंवा मॅग्नेटिक क्लच लिहिलेला रिले इंजिन बंद असताना सरळ वर ओढायचा. नकाशा दोनदा वाचा, कारण शेजारीच रेडिएटरच्या पंख्याचा रिले तशाच ठेवणीचा असतो आणि चुकून तो निघाला तर घाटात इंजिन तापतं. उपाय लागू पडला का ते बघायला इंजिन चालू करून, ओढणी-टाय पट्ट्यापासून दूर ठेवून, कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे पाहावं: पुली सतत फिरते, क्लच सुटलेला असेल तर मधली चकती स्थिर राहते.

दर वेळी बॉनेट कोण उघडणार, म्हणून डॅशबोर्डवर स्विच हवा असतो. इथे जागा चुकते ती बहुतेकांची. थेट क्लचच्या तारेत स्विच घालायचा मोह होतो; पण क्लचचं वेटोळं (त्याची विद्युतचुंबकाची कॉईल) ३-४ अँपिअर ओढतं आणि तुटताना उलटा झटका मारतं, त्यात साधा स्विच काही महिन्यांत जळतो. त्यापेक्षा रिलेच्या वेटोळ्याकडची तार बरी. रिलेच्या पायांवर आकडे असतात, ३० आणि ८७ मोठ्या प्रवाहाचे, ८५ आणि ८६ वेटोळ्याचे. वेटोळ्याचा रोध साधारण ८० ओहमच्या घरात, म्हणजे प्रवाह १५० मिलिअँपिअरच्या आसपास. त्याला ०.५ चौरस मिलिमीटरची तार आणि छोटा स्विच पुरतो. मूळ तार कापू नये. रिले आणि त्याची मूळ जागा यांच्या मधे बसणारा तारांचा जोड-सॉकेट घेऊन त्यातली वेटोळ्याची एक तार स्विचपर्यंत न्यावी. मग मन बदललं तर सगळं उपसून रिले परत जागेवर बसतो आणि वॉरंटीवाल्याला दाखवायला एकही कापलेली तार नसते. बॉनेटमधून आत येताना तार रबरी ग्रोमेटमधूनच यायला हवी. पत्र्याच्या उघड्या काठावरून नेलेली तार घासून सोलते आणि फ्यूज उडतो, तोही भर पावसात.

अर्थात नव्या गाड्यांत इंजिनाचा संगणक या वेटोळ्यावर लक्ष ठेवतो. ते तुटलेलं दिसलं की पी०६४५ हा दोषक्रमांक नोंदवतो आणि काही गाड्यांत पिवळा दिवा लावतो. शिवाय एसी चालू आहे अशी त्याची समजूत असल्याने इंजिनाचा मोकळा वेग (आयडलिंग) थोडा चढाच राहतो. पेट्रोल वाचवायला निघालेल्याचं पेट्रोल तिथे जातं. म्हणून सर्वांत नीटस जागा संगणकाच्याही अलीकडची: एसीच्या नॉबांच्या पॅनेलमधून "कॉम्प्रेसर लाव" असं सांगायला निघणारी तार. जुन्या, केबलवर चालणाऱ्या पॅनेलांत दिशेच्या नॉबमागे एक मायक्रोस्विच असतो. मल्टिमीटर (तारांची तपासणी करणारं मीटर) बीपवर ठेवून त्याची टोकं या स्विचला लावा आणि नॉब फिरवा. फक्त डिफ्रॉस्टच्या खुणेवर बीप वाजला तर तोच अपराधी. त्याचा कनेक्टर काढून टोकांना टेप गुंडाळली की एसीचं बटण पूर्वीसारखं चालतं, आपोआप लागणं तेवढं थांबतं. पॅनेल उघडण्याआधी बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटं थांबावं, आणि पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नये, ते एअरबॅगचे असतात. पॅनेल एकसंध सर्किट बोर्डाचं असेल तर त्यावरची तांब्याची रेघ ब्लेडने खरवडण्याचे सल्ले मिळतात. रेघ एक मिलिमीटर चुकली तर नवं पॅनेल घ्यावं लागतं, त्यामुळे हा सल्ला देणाऱ्याच्या गाडीवरच आधी करून पाहावा.

गॅसच्या प्रेशर स्विचची तार काढणं ही जुन्या गाड्यांतली सोपी युक्ती. संगणकाला वाटतं गॅस नाही, तो कॉम्प्रेसर लावत नाही. नव्यांत तिथे तीन तारांचा सेन्सर असतो, तार काढली की दोष नोंदलाच. स्विचची तार सुटी ठेवणं एकवेळ चालेल, पण तिथे तार जोडून त्याला कायम चालू दाखवणं कधीच नको, कारण गॅस संपला किंवा दाब वाढला तरी मग कॉम्प्रेसर थांबणार नाही.

ज्या गाड्यांत क्लचच नाही, कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि आतली झडप त्याचा जोर कमी-जास्त करते, तिथे तारांची यातली कुठलीही खटपट करू नये. विजेवरच्या गाड्यांत तर मुळीच नाही. नारिंगी तारांतून शेकडो व्होल्ट वाहतात, आणि बऱ्याच मॉडेलांत तोच कॉम्प्रेसर बॅटरीही थंड ठेवतो. टोरांटो किंवा मिनियापोलिसला राहणाऱ्या मराठी माणसाला जानेवारीत ही खटपट करायची गरजच नाही. शून्याच्या आसपास नि खाली बहुतेक गाड्या कॉम्प्रेसर लावतच नाहीत, दिवा फक्त शोभेला जळतो.

एसी कायमचा तोडून ठेवणंही बरं नव्हे. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, बंद राहिला की शाफ्टचं सील सुकतं आणि गॅस गळतो. महिन्यातून एकदा तरी पाच-दहा मिनिटं चालवावा. आणि वाफ नेहमीपेक्षा जास्तच धरत असेल तर दोष एसीच्या हट्टात शोधण्याआधी पायाखालचं कार्पेट दाबून पाहावं. ते ओलं असेल तर कॉईलच्या पाण्याची नळी तुंबलेली आहे. काचेवर चिकट थर आणि गोडसर वास असेल तर ती वाफ नुसत्या पाण्याची नसून गळक्या हीटरमधल्या कूलंटची आहे. काचेची आतली बाजू नुसती स्वच्छ पुसली तरी वाफ उशिरा धरते, कारण धूळ-तेलाच्या थरावर ती लवकर बसते.

स्विच बसवला तर त्यावर ठळक अक्षरात "एसी" लिहावं आणि गाडी विकताना घेणाऱ्याला तो दाखवावा. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात "एसी थंड करत नाही" म्हणून तो गाडी मेकॅनिककडे नेणार, आणि मेकॅनिक न मोजता वरून आणखी गॅस भरणार.