किताक्यूशू: पोलाद, सार्डिन आणि भाजलेली करी

जपानला जाणारे आपले लोक टोकियो-क्योतो करून येतात, दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरचं किताक्यूशू म्हटलं की ‘हे कुठे आलं?’ असाच चेहरा. १९६३ साली पाच गावं एकत्र करून हे शहर झालं, आणि त्यातल्या यावाताला १९०१ मध्ये सरकारी पोलाद कारखाना सुरू झाला. तिथली जुनी भट्टी अजून उभी आहे, वर मोठ्ठ्या आकड्यांत १९०१ लिहिलेलं, फुकट बघता येते, आणि खरं सांगू, मला ती बऱ्याच देवळांपेक्षा जास्त आवडली.

पण खायचं तर याच शहरातल्या कोकुरा भागाच्या तांगा मार्केटमध्येच. अरुंद गल्ली, वर छप्पर, आणि नुकादाकी! म्हणजे सार्डिन किंवा बांगडा तांदळाच्या आंबवलेल्या कोंड्यात सोया सॉस आणि साखर घालून शिजवतात, दिसायला काळपट चिखल, पण काटासुद्धा चावून खाता येईल इतका मऊ, गोडसर-खारट-आंबूस, मला तर गरम भाताबरोबर संपूच नये असं वाटत होतं.

शहरातल्याच मोजी या बंदराच्या भागात १९१४ चं लाकडी स्टेशन आहे आणि याकी करी मिळते, भातावर करी, अंडं, चीज घालून ओव्हनमध्ये भाजलेली. ती खाल्ल्यावर समुद्राखालच्या बोगद्यातून चालत पलीकडच्या शिमोनोसेकी शहरात जा, ७८० मीटर, चालणाऱ्यांना फुकट, मध्ये जमिनीवर दोन प्रांतांची हद्द रंगवलीय, तिथे सगळेच एक पाय इकडे एक तिकडे ठेवून फोटो काढतात, मीही काढला. शाकाहारींचे मात्र हाल आहेत, माशाचा स्टॉक कशातही निघतो.