लक्ष द्यायचं की ओतायचं?

आज शांघायमधल्या माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाचा अख्खा तास 'कॉन्सन्ट्रेट'वरच गेला. विद्यार्थी सगळे नोकरदार, आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीला आलेले. एकीने लिहिलं होतं, 'आय कॉन्सन्ट्रेट टू स्टडी'. चूक कुठून आली ते लगेच कळलं. चिनीत 'ज्वानशिन' म्हणजे मन लावून. पुढे थेट क्रियापद येतं, मधे काही लागत नाही. इंग्रजीत 'कॉन्सन्ट्रेट' आणि 'फोकस'पुढे 'ऑन' लागतं, 'पे अटेन्शन'पुढे 'टू' आणि 'अब्सॉर्ब्ड'पुढे 'इन'. हे नियमाने बसत नाही, वाक्यं बोलून बोलूनच बसतं, असं माझं ठाम मत आहे.

मग एकाने विचारलं, अटेन्शन 'पे' का करायचं, ते काय पैसे आहेत? मी म्हटलं, तुमच्या 'जूयी'मधला, म्हणजे लक्ष देण्यातला, 'जू' म्हणजे तर ओतणं! इंग्रजीत लक्ष मोजून देतात, चिनीत ओततात, आम्ही मराठीत नुसतं देतो. वर्ग खुलला.

लक्ष उडालं की त्यांच्याकडे 'त्सौशन', म्हणजे चित्त चालू लागलं. किती सुंदर शब्द! आणि 'फोकस' म्हणजे मूळ लॅटिनमध्ये चूल. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्ये तो भूमितीत आणला.

निघताना तिने वही दाखवली. 'टू स्टडी' खोडून 'ऑन स्टडीइंग' लिहिलं होतं.