आधी टाचा दाखवा

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरी गेले की बीपीचं मशीन पिशवीतच राहतं. आधी पांघरूण वर करून टाचा बघते. मग माकडहाड, खुबे, कोपरं, डोक्याची मागची बाजू. हाडावर मांस कमी तिथे बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून दाबाने होणारी जखम, आधी.

कातडीतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांत दाब जेमतेम ३२ मिलिमीटर, बीपीच्याच मापात. खुर्चीत बसलं तरी बुडाखाली त्याहून जास्त दाब येतो, पण आपण नकळत सरकतो आणि रक्त पुन्हा धावतं. लकव्याच्या पेशंटला ना रग लागलेली कळत, ना सरकता येत. फावडं धरणाऱ्या हाताला घट्टे पडतात, कारण तिथला दाब येतो-जातो. कातडीला जाड व्हायला सवड मिळते. सवडच मिळाली नाही की ती मरते.

लाल डाग दिसला तर अंगठ्याने दाबून सोडायचं. फिकट पडून पुन्हा लाल झाला तर रक्त फिरतंय. लालच राहिला तर बेडसोर सुरू झाला म्हणून समजा. पण सावळ्या अंगावर लाली दिसतेच असं नाही. तिथे जांभळट-काळपट छटा शोधायची आणि हात लावून बघायचं: आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार आहे का, कडक किंवा लिबलिबीत लागतंय का.

परवा एका घरी आजींच्या माकडहाडावर सूनबाई रोज खोबरेल चोळत होत्या. मायेनेच, पण दुखावलेली जागा चोळली की आतलं मांस आणखी फाटतं. बुडाखालची रबरी रिंगही काढायला लावली. तिच्या कडेनेच रक्त अडतं. शिवाय टीव्ही दिसावा म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू चांगलीच उंच. अशाने माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते, हाड पुढे जातं आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. वर घेतानाही काखेत हात घालून ओढत होते. दोघांनी चादरीसकट उचला, असं करून दाखवलं.

पोटऱ्यांखाली उशी दिली, टाचा अधांतरी. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, तीही पूर्ण आडवी नको. पाठीमागे उशी लावून थोडीच कलती. भाड्याने एअर बेड आणला तरी यातून सुटका नाही.

रात्रीचे गजर मुलाच्या फोनवर लावायला लावले. सूनबाई दिवसभर करतातच.